पहिली पंगत कुणाची

संपत चासकरांविषयी लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकाच गावात, महाळुंगे पडवळला, आम्ही बावीस वर्षं राहिलो. पण त्यांच्या घरी मी चहा प्यायलो तो चारदा, फार तर पाचदा. त्यांचा जन्म कोणत्या सालचा, शाळा कितवीपर्यंत झाली, मनात कशाची खंत होती का, यातलं मला काही सांगता येणार नाही. मी घोडेगावच्या तहसील कचेरीत कारकून होतो आणि माणसांशी बोलायची वेळ आली की फाइलीत तोंड घालत असे. ते आयुष्यभर माईकवर बोलले. अशी दोन माणसं एकमेकांना कितीशी ओळखणार? तरी त्यांच्या आयुष्यातल्या एका घोटाळ्याला माझा थोडा हातभार लागला होता, म्हणून लिहायला बसलो. जे मी पाहिलं नाही ते त्यांच्या पत्नी धोंडाबाईंनी सांगितलं, आणि जे त्यांनीही सांगितलं नाही ते मी आपलं धरून चाललो आहे.

संपतभाऊंची शेती होती दोन एकर. बटाटा, कांदा, कडेला चार वाफे गवार. पण पंचक्रोशी त्यांना ओळखत होती ती आवाजावरून. तरुणपणी एका यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीला पुकारणारा माणूस आलाच नाही. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडे जुंपलेले, बैल फुरफुरत होते, आणि कुणीतरी संपतभाऊंच्या हातात माईक दिला. त्या दिवशी साठ-सत्तर गाड्यांच्या मालकांची नावं, गावं आणि बैलांचीसुद्धा नावं त्यांनी एकदाही न अडखळता पुकारली. हातात कागद नव्हता. घाटावरून ते लग्नांच्या मांडवात आले आणि तिथेच रमले.

आमच्या भागात लग्नात स्वागत हा मोठा विधी असतो. पत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा असला तरी अक्षता पडतात त्या दीडला. कारण आमदार यायचे असतात, खासदार यायचे असतात, ते एका दिवसात वीस-पंचवीस लग्नं उरकतात आणि आपलं लग्न त्यांच्या यादीत अठरावं असतं. तोवर हजारभर माणसं उपाशीपोटी बसवून ठेवायची ती माईकवाल्यानं. संपतभाऊंनी माईकवर कधी ‘हॅलो, हॅलो’ केलं नाही. दोनदा टिचकी मारायची आणि सरळ समोरच्याचं नाव घ्यायचं. मांडवात आलेला माणूस बसायला जागा शोधेपर्यंत त्याचं नाव, गाव, तो नवऱ्या मुलाचा कोण लागतो आणि यंदा त्याच्या विहिरीला पाणी किती आहे, हे सगळं मांडवाला कळलेलं असे. माझंही नाव पुकारतील या धास्तीनं मी मागच्या बाजूनं, आचाऱ्यांच्या चुलीकडून आत शिरत असे.

या कामाचे ते काही घेत नसत. मानाची टोपी, टॉवेल आणि नारळ, बस. टॉवेल इतके साठले की धोंडाबाईंनी त्यांच्या गोधड्या शिवल्या. आमच्या घरात झोपलं तरी अंगावर लोकांची लग्नंच असतात, अशी त्यांची तक्रार होती.

आता पंगतीचं सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. पहिल्या पंगतीला पाहुण्यांनी बसायचं, घरच्यांनी वाढायचं आणि मागून जेवायचं, हा जुना रिवाज. पण पाहुणा कोण? कळंबचा माणूस हाकेच्या अंतरावरून यायचा आणि म्हणायचा, मी पाहुणा. नारायणगावचे रुसून बसायचे, राजुरीचे उठून जायचे. एका लग्नात नवरीचा सख्खा चुलता पाहुणा म्हणून पत्रावळीवर बसला आणि काही केल्या उठेना.

याच सुमारास, शहाण्णव ते नव्याण्णव या काळात, लोकसभेची तीन मतदानं झाली. भिंती रंगवून वाळतात न वाळतात तोच पुन्हा रंगवायची वेळ यायची. आमचा मतदारसंघ खेड. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, ही नावं पोराबाळांनाही पाठ झाली होती. संपतभाऊंच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, एका लग्नात पंगतीवरून गलका सुरू झाला तसा त्यांनी माईक उचलला.

“मंडळी, ज्याचं मत खेड मतदारसंघात त्यो घरचा. त्यानं वाढायचं आन् मागनं जेवायचं. ज्याचं मत बाहेर त्यो पाहुणा, त्यानं पयल्या पंगतीला बसायचं. ही रेघ मी काढल्याली न्हाई, दिल्लीनं काढलीया. कुणाची तक्रार आसंल त्यानं दिल्लीला जावं.”

दिल्लीला कोण जाणार? लोक हसले आणि गप बसले. रेघ कुणाच्या भाऊबंदानं काढलेली नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांना पटली. वर्षभरात हा नियम महाळुंग्यापासून पार खोडदपर्यंत पोचला. पारनेर, संगमनेरचे लोक ऐटीत पहिल्या पंगतीला बसू लागले. सगळ्यात मजा शिरूर तालुक्यातल्यांची. ते नदीपलीकडून यायचे, पण मत वेगळ्या मतदारसंघात म्हणून त्यांना गरम बुंदी आधी मिळायची.

मावळ मात्र घरचा. आणि मावळातच, कामशेतजवळ, संपतभाऊंची धाकटी बहीण साळुबाई दिलेली होती. महाळुंग्यात भावकीतलं लग्न निघालं की ती दोन दिवस आधी यायची. पदर खोचून आमटीची बादली हातात घ्यायची ती शेवटची पंगत उठेपर्यंत सोडायची नाही. मग चार वाजता चुलीच्या मागे वहिनीबरोबर पत्रावळ मांडून जेवायला बसायची. साळुबाई जेवायला बसली की लग्न पार पडलं असं आम्ही समजायचो.

२००८ साली दिल्लीनं जुनी रेघ पुसली आणि नवी काढली. खेड नावाचा मतदारसंघच राहिला नाही, आमचा झाला शिरूर. शिरूर तालुका आत आला, भोसरी आली, हडपसरही आलं. मावळ बाहेर गेला, आणि गेला तो थेट घाटाखालच्या पनवेल-उरणच्या जोडीला. संपतभाऊंनी पेपरात काहीतरी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ते कचेरीत माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी निवडणूक शाखेत होतो. कुणाच्या उपयोगी पडायची वेळ माझ्यावर क्वचितच येते. मी उत्साहानं कागद काढला आणि त्यांना गाववार, तालुकेवार सगळं वाचून दाखवलं.

“भाऊसाहेब, हे पक्कं का?” त्यांनी विचारलं.

राजपत्रात आलंय, म्हटलं. त्यांनी कागदाची प्रत मागितली, मी दिली, त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली. या कागदाचा लग्नाच्या पंगतीशी काही संबंध नाही, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. ते सुचलं नाही.

संपतभाऊंच्या मनात खोट नव्हती. नियम आपल्या माणसासाठी वाकवला तर तो नियम कसला, असा त्यांचा विचार असावा. शिवाय त्यांना वाटलं, मावळवाल्यांना आपण वरची जागा देतोय. साळी तीस वर्षं गार बुंदी खातेय, आता गरम खाईल. मे महिन्यात शेजारच्या भगवंताच्या मुलाचं लग्न होतं. शिरूरकडचे लोक सवयीनं पहिल्या पंगतीला जाऊन बसले होते. संपतभाऊंनी दोन टिचक्या मारल्या आणि त्यांना जाहीर केलं की आजपासून तुमी घरचे, तवा उठा आन् दम धरा. ते बिचारे हातात द्रोण घेऊन उठले. मग आवाज आणखी चढवून संपतभाऊ म्हणाले, “मावळातनं आलेले पाहुणे, आमचे दाजी जानकूराव आन् आमची बहीण साळुबाई, यांनी पयल्या पंगतीला बसून घ्यावं.”

जानकूदाजी लगेच बसले. नियम झाल्यापासून सासुरवाडीच्या लग्नांत दहा वर्षं ते भूक मारत आले होते. साळुबाई आमटीची बादली घेऊन मांडवाच्या मधोमध उभी होती. तिनं भावाकडे पाहिलं नाही. लिंबाला बांधलेल्या कर्ण्याकडे पाहिलं. मग बादली खाली ठेवली, खोचलेला पदर सोडला आणि वहिनीकडे आपली पिशवी मागितली. धोंडाबाई म्हणाल्या, वन्सं, अहो थट्टा केली आसंल.

“माईकवर कुणी थट्टा करीत न्हाई, वहिनी,” साळुबाई म्हणाली. “दादानं मला माझ्या माहेरात पाहुणी केली.”

दाजींना अर्ध्या जेवणावरून उठावं लागलं. त्या बुंदीचं दुःख ते पुढे कित्येक महिने भेटेल त्याला सांगत होते.

त्या साली राखी आली नाही. दिवाळीत भाऊबीजेला संपतभाऊ दिवसभर ओट्यावर बसून होते, साळुबाई आली नाही. दरसाल मावळातून येणारी इंद्रायणी तांदळाची गोणीही आली नाही. ते लग्नांत बोलत राहिले, पण पाहुणे आणि घरचे हा विषय आला की माईक दुसऱ्याकडे देऊन पाणी प्यायला जात. शेवटी त्यांच्याच घरचं लग्न निघालं. मुलगी आरती, स्थळ टाकळी हाजीचं, म्हणजे शिरूर तालुक्यातलं. तारीख ठरली मे २००९ ची. आरतीनं आईबापाला एवढंच सांगितलं की माझं नाव आत्यानं ठेवलंय, आत्या आल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. पोरगी बापासारखीच, शब्दाला पक्की.

मतदानाच्या आधी आठवडाभर नवरा-बायको पत्रिका घेऊन कामशेतला गेले. साळुबाई दारातच उभी होती.

“या पाहुणं. वाट सापडली का?”

ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. ताटलीत विकतची बिस्किटं आली, कपबशीत चहा आला. नणंद-भावजय एरवी चुलीपाशी बसून बोलायच्या, म्हणून धोंडाबाई उठून आत निघाल्या, तर साळुबाईनं त्यांना हाताला धरून परत खुर्चीवर बसवलं. पाहुण्यांनी चुलीपाशी येऊ नये, वहिनी, बरं दिसत न्हाई. संपतभाऊंनी टोपीतला कागद काढला.

“साळे, अगं ते लोकसंख्येवर आसतं. दोन हजार एकची शिरगणती धरून...”

“माझं माहेर शिरगणती करून ठरतं व्हय?”

कागद परत टोपीत गेला.

“आन् आमी आता पनवेल-उरणवाले झालो,” ती म्हणाली. “मासळी खायची सवय लावून घ्या म्हणलं ह्यांना.” कोपऱ्यात दाजी फिस्सकन हसले आणि बायकोची नजर बघून गप झाले. मग तिचा आवाज जरा उतरला. “दादा, मला आधी जेवायला मिळावं म्हणून केलंस, ते कळतंय मला. पण माहेरात पोरीला समद्यांच्या मागनं जेवायचं सुख आसतं. ते दिल्लीला कुठनं कळणार? तुला तरी कळायला पायजे व्हतं.”

यावर संपतभाऊंनी काय उत्तर दिलं हे मी धोंडाबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ह्ये बिस्कीट चहात बुडवून बसलं व्हतं, त्ये पडलं चहात. साळुबाईनं कुंकू लावून घेतलं, पत्रिका घेतली, पण येते म्हणाली नाही आणि येत नाही असंही म्हणाली नाही. परतताना गाडीत संपतभाऊंनी तीनदा विचारलं, तुला काय वाटतंय. धोंडाबाई म्हणाल्या, “पत्रिका तिनं देवापाशी ठिवली, टीव्हीवर न्हाई ठिवली. बघू.”

आमच्याकडे हळद आदल्या दिवशी संध्याकाळी लागते. संपतभाऊंनी ती लग्नाच्या दिवशी सकाळी ठेवली. तेवढेच बारा तास जास्तीचे मिळावेत म्हणून, दुसरं कारण नव्हतं. लोकांना त्यांनी मुहूर्ताचं काहीतरी सांगितलं. सकाळी साडेआठला मावळाकडच्या दोन जीपगाड्या दारात थांबल्या. तीसेक माणसं उतरली. साळुबाई भावाच्या अंगावरून, जणू तिथे खांबच उभा आहे अशी, सरळ आत गेली आणि तिनं आरतीला हळद लावली. आरती रडली, धोंडाबाई रडल्या, पण साळुबाईनं भावाशी एक शब्द काढला नाही. नवरीची आत्या आली होती, बापाची बहीण अजून यायची होती.

अक्षता मुहूर्तावर पडल्या, अगदी मिनिटाला मिनिट. त्याचं तालुक्याला अजून नवल आहे. कारण असं की मतदान झालं होतं, निकाल लागायचा होता, आणि आपला खासदार कोण हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. वाट बघायची तरी कुणाची?

मग पंगतीची वेळ आली. माईक त्या दिवशी भगवंताकडे होता. पण पंगत म्हटल्यावर त्यानं तो सवयीनं संपतभाऊंच्या हातात दिला आणि मांडवातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. सगळ्यांना नियम ठाऊक होता, आणि पेच काय आहे हेही ठाऊक होतं. रेघ पाळली तर टाकळीचं अख्खं वऱ्हाड घरचं ठरत होतं, म्हणजे नवऱ्या मुलाच्या बापानं बादली घेऊन वाढायला उठायचं. रेघ मोडली तर मग वर्षापूर्वी सख्ख्या बहिणीला उंबऱ्याबाहेर काढलं ते कशासाठी? संपतभाऊंनी दोन टिचक्या मारल्या. वऱ्हाडाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. मग कधी नव्हे ती तिसरी टिचकी मारली. मी चुलीपाशी उभा होतो.

माझ्या शेजारून साळुबाई पुढे गेली. पदर खोचलेलाच होता. तिनं भावाच्या हातून माईक काढून घेतला. जन्मात कधी हातात धरला नव्हता, तो अगदी ओठांना लावला, कर्ण्यातून अशी शिट्टी आली की लिंबावरचे कावळे उडाले.

“मंडळी, मी साळुबाई, नवरीची आत्या. नवरीचा बाप संपत चासकर, त्यो शिरूर मतदारसंघातला. आमी मावळवाले. तवा त्यो आमाला पाहुणा लागतो. त्यानं याह्यांच्या शेजारी पयल्या पंगतीला बसून घ्यावं. वाढणारी माणसं घरची हायेत.”

असं म्हणून तिनं जीपमधून आलेल्या माणसांना खूण केली. मावळच्या तीस जणांनी आमटीच्या, भाताच्या, बुंदीच्या बादल्या उचलल्या. मांडवात जो हशा उसळला तो आचाऱ्यांनाही आवरेना. नवरीच्या बापानं सगळं वऱ्हाड जेवल्याशिवाय घास घ्यायचा नसतो. संपतभाऊ दोन्ही हात जोडून नको नको म्हणत होते. जानकूदाजींनी त्यांना खांद्यांना धरून खाली बसवलं. बसा पाहुणं, म्हणाले, आणि मोठ्या समाधानानं त्यांच्या पत्रावळीवर भात टाकून पुढे गेले.

बुंदी वाढायला साळुबाई स्वतः आली. एक मूठ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. संपतभाऊंनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

“साळे, बास.”

“दिल्लीला सांग,” ती म्हणाली आणि त्यांच्या बोटांवरच चौथी मूठ ओतली.

संपतभाऊ हसत होते की रडत होते, ते मला चुलीच्या धुरातून नीट दिसलं नाही. दोन्ही असावं. शेजारी बसलेले टाकळीचे व्याही मात्र पोट धरून हसत होते. चार वाजता चुलीमागे नणंद-भावजय जेवायला बसल्या तेव्हा त्यांना पाण्याचा तांब्या आणून देणारा माणूस संपतभाऊ होता. बहिणीनं त्यांना भाकरीचा तुकडा मोडून दिला, तो त्यांनी उभ्यानंच खाल्ला.

तो नियम त्यानंतर कुणी पाळला नाही. पंगतीवरची भांडणं काही दिवस पुन्हा सुरू झाली, आणि हळूहळू लोक उभं राहून जेवू लागले तेव्हा मिटली. त्यात कुणाचा काही पराक्रम नाही. मीही त्याच साली निवृत्त झालो आणि पुण्याला मुलाकडे राहायला जायचं ठरलं.

दिवाळीत, भाऊबीजेच्या दिवशी, मंचरच्या स्टँडवर संपतभाऊ दिसले. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात होतो, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. कामशेतला निघाले होते. धोंडाबाईंनी दिलेली पिशवी पायाशी होती. चाकणची गाडी लागली, रेटारेटी झाली आणि ते कसेबसे पायरीवर चढले.

“भाऊसाहेब, तेवढी पिशवी वर देता का? जड हाय जरा. बटाटं हायेत.”

मी पिशवी दिली.

“जागा मिळाली का?” मी खालून विचारलं.

“न्हाई, पण चाकणला व्हईल. तुमचं जेवण झालं?”

“घरी जाऊन जेवणार.”

“बरं, मग येतो.”

“या,” मी म्हटलं.